कडू तोच कुडा

सोलापुरात काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी कुड्याची साल इथल्या माळावरची नसते. या झाडाला सह्याद्रीचा पावसाळी उतार मानवतो. पोट बिघडून आव पडू लागली की जुन्या घरांत तिचा तुकडा ताकात उगाळून देत. साल जिभेवर ठेवताच तोंड कडूजार व्हायला हवे, हीच तिची खूण.

ही खूण पटवण्याची गरज जुनीच. चरकसंहितेच्या कल्पस्थानात 'वत्सक' म्हणून कुड्याला स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यातच त्याचे नर व मादी असे भेद सांगितले आहेत. नंतर शार्ङ्गधराने कुटजारिष्टाचा (कुटज म्हणजे कुडाच) पाठ दिला: साल, मनुका, मोहाची फुले आणि शिवण यांचा काढा करायचा, त्यात गूळ व धायटीची फुले घालून तो आंबवायचा. 1563 साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यानेही हगवणीवरच्या एका मलबारी झाडाची नोंद केली. अभ्यासकांच्या मते ते झाड कुडाच.

अठराव्या शतकात ही साल 'कोनेसी' नावाने युरोपात पोहोचली, पण तिथे तिचे नाव खराब झाले. कारण भेसळ. काळा कुडा दिसायला भावंडासारखा, मात्र त्याच्या सालीत तो कडूपणा नाही आणि तो गुणही नाही. 1858 साली मुंबईत हेन्स यांनी खऱ्या सालीतून अल्कलॉइड वेगळे काढले, तेच कोनेसीन. आवेच्या अमिबावर त्याचा मारा चालतो. तरीही 1912 मध्ये कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी याच आवेवर एमेटीनचे इंजेक्शन रूढ केले आणि कुडा मागे पडला. पुढे 1920च्या दशकात तिथेच रामनाथ चोप्रांनी त्याचा पुन्हा अभ्यास केला; 1960च्या दशकात मेट्रोनिडाझोल आल्यावर दवाखान्यांतून त्याची गरजच सरली.

वैद्यांकडे मात्र तो टिकला. सालीचा काढा आटवून घट्ट करायचा, त्यात अतिविषाचे चूर्ण मिसळून गोळ्या वळायच्या, की कुटजघनवटी तयार. शौचातून रक्त पडत असेल, ताप असेल, तर गोळीवर विसंबू नये, डॉक्टर गाठावा. गोळीत साल डोळ्यांना दिसत नाही, जिभेलाही तपासता येत नाही. बाटलीत खरा कुडा आहे की काळा, याची शहानिशा कारखान्याच्या प्रयोगशाळेतच व्हायला हवी. तिथे कसूर झाली, तर युरोपात झाले तेच इथे होईल: दोष भेसळीचा आणि बदनामी कुड्याची.