सेवा कोणाची, शिक्षण कोणाचे? शालेय विद्यार्थ्यांच्या परदेशी सेवासहली

समाजाच्या गरजेचे एखादे काम करता करता विद्यार्थ्यांनी अभ्यासविषयही शिकावा, या पद्धतीस 'सेवाशिक्षण' म्हणतात. 'सर्व्हिस लर्निंग' ही तिची मूळ संज्ञा अमेरिकेत १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. श्रमदानात काम पुरे झाले की हेतू साधतो. सेवाशिक्षणात मात्र पूर्वतयारी, प्रत्यक्ष काम आणि त्यानंतरचे चिंतन या तिन्ही पायऱ्या आवश्यक मानल्या जातात. हेच काम परदेशात जाऊन केले की ती सेवासहल ठरते.

आरंभ

या परंपरेतील एक ठळक उदाहरण 'अमिगोस दे लास अमेरिकास' या संस्थेचे आहे. १९६५ मध्ये टेक्सासमधील ह्यूस्टन शहरातून गाय बेव्हिल या युवा धर्मोपदेशकाने किशोरवयीन स्वयंसेवकांचा गट होंडुरासला नेला. पोलिओची लस गावोगावी पोहोचवणे, हे त्यांचे काम होते. काम नेमके होते, गरज खरी होती आणि ते प्रशिक्षणाने शिकता येण्याजोगे होते. पुढे लॅटिन अमेरिकेतील अनेक देशांत या संस्थेचे उपक्रम सुरू झाले. स्थानिक कुटुंबात राहणे हे त्यांचे वैशिष्ट्य ठरले.

'इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट'च्या डिप्लोमा अभ्यासक्रमातही सर्जनशीलता, कृतिशीलता आणि सेवा हा अनिवार्य भाग आहे. त्यास गुण नसतात, परंतु तो पूर्ण केल्यावाचून डिप्लोमा मिळत नाही. ही सेवा परदेशातच करावी, अशी मात्र अट नाही.

आक्षेप

या सहलींवरील सर्वांत परखड टीका इव्हान इलिच या विचारवंताने केली. २० एप्रिल १९६८ रोजी मेक्सिकोत सेवेसाठी जाऊ इच्छिणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांसमोरच तो बोलला. पाहण्यासाठी या, शिकण्यासाठी या, पण उपकार करण्यासाठी येऊ नका, असा त्याच्या भाषणाचा आशय होता. ज्यांची भाषा येत नाही, त्यांचे भले कशात आहे हे पाहुण्यांनी ठरवू नये, हा त्यामागील विचार आजही लागू पडतो. वीट कधी हाती न धरलेल्या मुलांनी भिंत बांधावी आणि गावातील गवंडी बाजूला उभा राहावा, यात सेवा कोणाची होते?

अनाथालयांच्या भेटींचा प्रश्न अधिक गंभीर आहे. आठ-पंधरा दिवसांत लळा लावून निघून जाणाऱ्या पाहुण्यांमुळे मुलांना ताटातुटीचे दुःख पुनःपुन्हा सोसावे लागते. शिवाय पाहुण्यांच्या पैशामुळे आईवडील हयात असलेल्या मुलांनाही संस्थेत ठेवण्याचा मोह निर्माण होतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१९ मध्ये बालहक्कांविषयीच्या ठरावात अशा स्वयंसेवी पर्यटनाच्या धोक्याची दखल घेतली.

आपल्या परिसरातील संदर्भ

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात १९९७ पासून 'महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज' आहे. तेथे अनेक देशांचे विद्यार्थी दोन वर्षे राहून शिकतात आणि आसपासच्या गावांतील उपक्रमांत भाग घेतात. सहल आणि असे वास्तव्य यांतील मुख्य फरक काळाचा आहे. ओळख व्हायला, चूक उमगायला आणि ती सुधारायला येथे अवसर मिळतो.

पालकांनी काय विचारावे?

सहलीस संमती देण्यापूर्वी पालकांनी पुढील प्रश्नांची उत्तरे शाळेकडून मागावीत. काम कोणी सुचवले, यजमान गावाने की सहल आयोजकाने? ते करण्यास स्थानिक माणसे उपलब्ध नाहीत काय? शुल्कापैकी किती रक्कम त्या गावी पोहोचते? मुलांना तेथील भाषेचा परिचय करून दिला जाणार आहे काय? लहान मुलांशी संपर्क येणार असल्यास त्यांच्या सुरक्षिततेचे आणि छायाचित्रांचे नियम कोणते? गट परतल्यावर काम पुढे कोण नेणार?

उत्तरे समाधानकारक नसतील, तर त्या प्रवासास अभ्याससहल म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल. शिकण्यासाठी जाण्यात कमीपणा नाही. शिकून येऊन सेवा केल्याचे सांगण्यात मात्र आहे.