लॅपटॉपची हार्ड डिस्क जायला लागली? आधी डेटा वाचवा, दुरुस्ती नंतर

शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायची शेवटची तारीख उद्यावर आलेली असते. मार्कशीट, उत्पन्नाचा दाखला, फोटो, सगळं लॅपटॉपमध्ये स्कॅन करून ठेवलेलं असतं आणि नेमका त्याच दिवशी लॅपटॉप चालू व्हायला अर्धा तास घेतो. फोल्डर उघडला की गोल चक्र फिरत राहतं, मधूनच आतून टिक टिक आवाज येतो. मग शेजारचा कुणी सांगतो, ‘फॉरमॅट मार, ठीक होईल.’ दुकानात गेलं तर तिथेही तोच प्रश्न, ‘भाई, फॉरमॅट करून देऊ का?’ घाईत आपण हो म्हणतो आणि दाखले, लग्नाचे फोटो, दुकानाचे हिशेब सगळं एका झटक्यात जातं.

डिस्क बाजारात नवी मिळते, तिच्यातली माहिती मिळत नाही. म्हणून डिस्क खराब होण्याची चिन्हं कशी ओळखायची, काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, याची माहिती इथे क्रमाने देत आहोत.

हार्ड डिस्क आतून कशी असते?

जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या गुळगुळीत तबकड्या असतात आणि त्यांच्यावर चुंबकीय थर असतो. लॅपटॉपमधली तबकडी साधारणपणे मिनिटाला ५४०० फेऱ्या मारते, म्हणजे सेकंदाला ९०. तिच्यावरून वाचन-लेखन करणारे हेड तरंगत असते. हेड आणि तबकडी यांच्यातली फट माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटीने कमी असते. लॅपटॉप चालू असताना पडला, जोरात आपटला किंवा चालू अवस्थेतच बॅगेत कोंबला, तर हेड तबकडीला घासू शकते. घासलेला भाग कायमचा जातो, तो कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

एसएसडीमध्ये फिरणारा एकही भाग नसतो, सगळं चिपमध्ये असतं. ती धक्के चांगली सोसते. पण ती जाते तेव्हा आवाज करत नाही, अनेकदा आधी काही न सांगताच बंद पडते. ‘माझ्याकडे एसएसडी आहे, मला काळजी नाही’ असं समजू नये.

धोक्याची चिन्हं

१. टिक टिक, करकर किंवा घासल्यासारखा आवाज. हेडला आपली जागा सापडत नाही म्हणून ते पुन्हा पुन्हा मागे जाऊन प्रयत्न करतं, त्याचा हा आवाज असतो.

२. एखादी ठराविक फाइल किंवा फोल्डर उघडताना लॅपटॉप गोठतो, बाकी कामं बरी चालतात.

३. फाइल कॉपी करताना मध्येच एरर येते, फाइलींची नावं विचित्र दिसतात, फोटो अर्धे उघडतात.

४. चालू करताना काळ्या स्क्रीनवर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ किंवा ‘स्मार्ट फेल्युअर प्रेडिक्टेड’ असा संदेश येतो. दुसरा संदेश दिसला तर एक दिवसही थांबू नका.

५. ड्राइव्ह उघडायला गेलं की विंडोज विचारतं, ‘फॉरमॅट करायचं का?’ इथे नेहमी ‘कॅन्सल’ दाबा.

लॅपटॉप नुसता हळू चालतो म्हणजे डिस्क गेलीच, असं नाही. रॅम कमी असेल, अपडेट चालू असेल किंवा अँटीव्हायरस तपासणी करत असेल तरी डिस्क १०० टक्के दिसते. फरक ओळखायला टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग डिस्क उघडा. वापर १०० टक्के आहे, वेग मात्र अगदी नगण्य आहे आणि ‘ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ शेकडो-हजारो मिलिसेकंदांत राहतोय, तर डिस्कवर संशय घ्या.

या चुका करू नका

* फॉरमॅट मारू नका, विंडोज नव्याने टाकू नका. नवी माहिती जुनीच्या जागेवर लिहिली जाते.
* लॅपटॉप पुन्हा पुन्हा बंद-चालू करू नका. खराब डिस्कचं आयुष्य काही तासांचं उरलेलं असू शकतं, ते प्रत्येक वेळी थोडं खर्च होतं.
* डिस्क फ्रिजमध्ये ठेवायचा जुना सल्ला ऐकू नका. बाहेर काढल्यावर आत दव धरतो आणि उरलीसुरली आशाही जाते.
* डिस्कचं झाकण घरी किंवा साध्या दुकानात उघडू नका, उघडू देऊ नका. धुळीचा एक कण हेडसाठी दगडासारखा असतो.
* डिस्कवर थापट्या मारू नका.

पहिलं काम: डेटा बाहेर काढा

विंडोज अजून चालू होत असेल तर तपासणीच्या आधी कॉपी करा. बाहेरची हार्ड डिस्क किंवा मोठा पेन ड्राइव्ह लावा. सगळी सी ड्राइव्ह एकदम उचलायला जाऊ नका. जे पुन्हा मिळणार नाही ते आधी घ्या: दाखले, फोटो, प्रबंध किंवा प्रोजेक्ट, दुकानाचे किंवा ट्रस्टचे हिशेब. चित्रपट आणि सॉफ्टवेअर नंतरही मिळतात. एखाद्या फाइलवर कॉपी अडकली तर तिथे हट्ट करू नका, ‘स्किप’ करून पुढे जा.

विंडोज चालू होत नसेल तर दोन मार्ग आहेत. पहिला, दुसऱ्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट किंवा उबुंटूचा बूट होणारा पेन ड्राइव्ह बनवा आणि त्यावरून लॅपटॉप चालू करा. ‘इन्स्टॉल’ न करता ‘ट्राय’ पर्याय घ्या. दुसरा मार्ग म्हणजे डिस्क बाहेर काढून यूएसबी ते साटा केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडणं. स्क्रू काढायच्या आधी चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा.

लॅपटॉपवर बिटलॉकर चालू असेल तर दोन्ही मार्गांत ४८ आकडी रिकव्हरी की लागते. अनेकांच्या लॅपटॉपवर ते आपोआप चालू झालेलं असतं आणि की त्यांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती आजच शोधून कागदावर लिहून ठेवा.

बरेच सेक्टर खराब असतील तर साधी कॉपी पुरत नाही. लिनक्सवरचं जीएनयू डीडीरेस्क्यू हे मोफत साधन आधी डिस्कचा चांगला भाग उचलतं, खराब भाग शेवटी पुन्हा वाचून बघतं आणि कुठपर्यंत आलो याची नोंद ठेवतं. त्यामुळे मध्ये थांबलं तरी तिथूनच पुढे चालू होतं. पण यात चुकून उलटी डिस्क निवडली तर डेटा पुसला जातो. जाणकार माणूस सोबत असेल तरच हे करा.

आवाज येत असेल, किंवा डिस्क दिसतच नसेल, तर मात्र सगळं थांबवा. लॅपटॉप बंद करा. हे काम धूळविरहित खोली असलेल्या डेटा रिकव्हरी केंद्राचं आहे. ते महाग असतं आणि यशाची खात्री नसते, म्हणून आधी लेखी अंदाज घ्या. वॉरंटीत कंपनी डिस्क बदलून देते, साधारणपणे आतल्या माहितीची जबाबदारी घेत नाही.

मग तपासणी

डेटा सुरक्षित झाला की डिस्कची तब्येत बघा. प्रत्येक डिस्क स्वतःच्या बिघाडाची नोंद ठेवते, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर ती दाखवतं. निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावधान, लाल म्हणजे खराब. नुसता रंग बघू नका, या ओळीही बघा:

* ०५, रिॲलोकेटेड सेक्टर: खराब झालेले भाग ज्यांच्याऐवजी राखीव जागा वापरली गेली.
* सी५, पेंडिंग सेक्टर: वाचता न आलेले, निर्णय बाकी असलेले भाग.
* सी६, अनकरेक्टेबल सेक्टर: जे दुरुस्त झालेच नाहीत.
* सी७, सीआरसी एरर: डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेवरच्या चुका.

पहिल्या तीन ओळींचे आकडे शून्यापेक्षा जास्त असतील आणि आठवड्याभरात वाढत असतील, तर ती डिस्क भरवशाची नाही. फक्त सी७ वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा किंवा कनेक्टरचा असतो, डिस्क चांगली असू शकते. केबल नीट बसवली किंवा बदलली की आकडा वाढायचा थांबतो, मात्र तो परत शून्य होत नाही. नवी डिस्क घेण्याआधी हे एकदा बघाच, पैसे वाचतील.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, सिस्टीम लॉगखाली, ‘डिस्क’ या नावाने इव्हेंट ७ दिसत असेल तर त्याचा अर्थ बॅड ब्लॉक सापडला असा आहे.

सगळं निळं आहे म्हणजे डिस्क सुरक्षित, असंही नाही. गुगलने २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या डिस्क बंद पडल्या त्यांतल्या निम्म्याहून जास्त डिस्कमध्ये स्मार्टच्या मुख्य चार इशाऱ्यांपैकी एकही आलेला नव्हता. आणि तपासणीत पहिली स्कॅन एरर आल्यावर पुढच्या ६० दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता, एरर न आलेल्या डिस्कच्या तुलनेत ३९ पट होती. थोडक्यात, इशारा आला तर खरा माना, नाही आला तर निर्धास्त होऊ नका.

चेक डिस्क कधी वापरावी?

ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, एरर चेकिंग या वाटेने चेक डिस्क मिळते. अचानक लाइट गेल्याने फाइलींची मांडणी बिघडली असेल तर ती उपयोगी पडते. पण डिस्कच खराब असेल तर पूर्ण तपासणीत प्रत्येक भाग वाचला जातो, तासन्‌तास ताण पडतो आणि त्यात डिस्क कायमची बसू शकते. म्हणून डेटा काढल्याशिवाय ती चालवू नका.

नवी डिस्क आणि जुनीची विल्हेवाट

जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा एसएसडी बहुतेक वेळा सरळ बसते आणि लॅपटॉपचा वेगही चांगलाच वाढतो. नव्या लॅपटॉपमध्ये लांबट पट्टीसारखी एम.२ एसएसडी असते. तिच्यातही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत, मॉडेल बघूनच घ्या. खराब डिस्कची हुबेहूब कॉपी नवीवर उतरवण्यापेक्षा विंडोज नव्याने टाकलेलं बरं. विंडोज १० किंवा ११ चं डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं, त्यामुळे सहसा ते पुन्हा विकत घ्यावं लागत नाही.

जुनी डिस्क भंगारात तशीच देऊ नका. तिच्यात आधार, पॅन आणि बँकेचे कागद असतात. चालत असेल तर ‘क्विक’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. चालत नसेल तर तबकड्या निकामी करून ई-कचऱ्यात द्या. तबकडी काचेची असू शकते, कापडात गुंडाळून, डोळे सांभाळून तोडा.

पुन्हा ही वेळ येऊ नये म्हणून

महत्त्वाच्या फाइलींच्या तीन प्रती ठेवा: दोन वेगळ्या साधनांवर आणि त्यातली एक घराबाहेर. घराबाहेर म्हणजे क्लाउडवर किंवा भावाच्या, बहिणीच्या घरी ठेवलेल्या डिस्कवर. गुगल खात्यात १५ जीबी जागा मोफत मिळते, घरातल्या सगळ्यांच्या दाखल्यांना ती पुरून उरते. बॅकअपची डिस्क सतत लॅपटॉपला लावून ठेवू नका, व्हायरस आला तर दोन्ही जातील. आणि महिन्यातून एकदा बॅकअपमधली एखादी फाइल उघडून बघा. न उघडलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवून पस्तावलेले लोक कमी नाहीत.

हे वाचून झाल्यावर एवढं एकच काम करा: घरातल्या मुलांची मार्कशीट आणि दाखले कुठे ठेवलेत ते बघा. सगळं एकाच लॅपटॉपमध्ये असेल तर आज रात्री झोपण्याआधी त्यांची दुसरी प्रत काढा. त्याला दहा मिनिटं लागतात.