बिनतारी जोडणीचे जुने दुखणे

लॅपटॉपच्या शेजारी ठेवलेला बिनतारी माऊस एकाएकी निश्चल होतो. कानांना लावलेल्या हेडफोनमधून व्याख्यान तुटक ऐकू येऊ लागते. काल रात्रीपर्यंत इमानाने चाललेला कीबोर्ड आज सकाळी यंत्राला ओळखही दाखवीत नाही. असे झाले की गृहस्थ प्रथम त्या वस्तूला दोन टिचक्या मारतो, मग लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करतो आणि तेवढ्याने भागले नाही तर नवी वस्तू आणण्याची भाषा बोलू लागतो. ‘जोडणी होत नाही’ या एकाच वाक्यात या तिन्ही तक्रारी मावतात. परंतु त्यांची कारणे निरनिराळी आहेत आणि त्यांतील एकही कारण लॅपटॉपइतके नवे नाही. बिनतारी विद्येच्या पहिल्या पंधरा वर्षांतच ही सारी दुखणी प्रकट झाली होती. किंबहुना, टिचकी मारण्याच्या उपायालाही मोठी परंपरा आहे.

१८८६ ते १८८८ या काळात हाइनरिख हर्ट्झ याने जर्मनीतील कार्ल्सरूहे येथे विद्युच्चुंबकीय लहरींचे अस्तित्व प्रयोगाने सिद्ध केले. लहर पोहोचल्याची त्याची खूण म्हणजे तारेच्या कड्यातील बारीक फटीत उडणारी इवलीशी ठिणगी. ती अंधाऱ्या खोलीत डोळे ताणून पाहावी लागे. पुढे १८९० मध्ये पॅरिस येथे एदुआर ब्रान्ली याला असे आढळले की, काचेच्या नळीत भरलेला धातूचा कीस एरवी विजेला फारशी वाट देत नाही. पण जवळपास विजेची ठिणगी पडली की त्याचे कण एकमेकांस जणू चिकटतात आणि वीज सुखाने वाहू लागते. इंग्लंडच्या ऑलिव्हर लॉजने या नळीला ‘कोहीरर’ असे नाव दिले. बिनतारी ग्राहक यंत्राचा पहिला कान तो हाच.

या कानात एक मोठी खोड होती. लहर निघून गेली तरी कण चिकटलेलेच राहत. एक टिंब ऐकले की नळी पुढच्या टिंबाला बहिरी होई. तिला पुन्हा ऐकते करण्यासाठी हलकेच ठोकावे लागे, म्हणजे कण सुटे होत. लॉजने १८९४ च्या आपल्या प्रयोगांत हे ठोकण्याचे काम यंत्राकडे सोपविले. रशियाच्या पोपोवने १८९५ मध्ये घंटेच्या हातोडीकडूनच ते करून घेतले. मार्कोनीच्या प्रारंभीच्या संचातही प्रत्येक खुणेमागून हातोडी नळीवर पडत असे. आजच्या लॅपटॉपमधील बिनतारी चिपमध्ये धातूचा कीस नाही, परंतु तिचा स्वतःचा एक छोटा कार्यक्रम असतो आणि तो एखाद्या अवस्थेत अडकून बसू शकतो. विशेषतः यंत्र झोपेतून जागे होताना, किंवा वीज वाचविण्यासाठी चिप अधूनमधून निजविली जात असताना, हे घडते. ‘बंद करून पुन्हा चालू करा’ हा उपदेश ऐकून पुष्कळांस हसू येते. तो अडाणीपणाचा उपाय नाही. कोहीररवर पडणाऱ्या हातोडीचाच तो वंशज होय. मात्र झाकण मिटून उघडणे म्हणजे यंत्र बंद करणे नव्हे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

ठोकण्याची गरज मुळातूनच काढून टाकण्याचे श्रेय एका भारतीयाचे आहे. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील आचार्य जगदीशचंद्र बसू यांनी लोखंड आणि पारा यांच्या स्पर्शातून आपोआप पूर्वस्थितीवर येणारा कोहीरर सिद्ध केला आणि १८९९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे त्याचे वर्णन मांडले. १२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर मार्कोनीने अटलांटिकपलीकडून आलेली तीन टिंबे ऐकली, ती पाऱ्याच्याच कोहीररने. ती नळी त्याला इटालियन आरमारातील एका स्नेह्याकडून मिळाली होती आणि तिचा जनक कोण, यावर पुढे वर्षानुवर्षे वाद चालला. १९९८ साली प्रोबीर बंद्योपाध्याय यांनी जुने कागद चाळून तिचे मूळ बसूंच्या संशोधनात आहे, असे प्रतिपादन केले. कलकत्त्याचे नाव त्या टेकडीच्या कथेत उशिरा आले, हे मात्र खरे.

दुसरे दुखणे गर्दीचे. १९०१ मध्ये न्यूयॉर्कजवळ अमेरिका चषकाच्या नौकाशर्यती झाल्या, तेव्हा मार्कोनी, डी फॉरेस्ट आणि तिसरी एक अमेरिकन मंडळी अशा तिघांनी समुद्रावरून बिनतारी वार्ता पाठविण्याचा प्रयत्न केला. तिघांच्या ठिणग्या एकाच वेळी कडाडू लागल्या आणि किनाऱ्यावर धड असे काहीच पोहोचेना. दोनच वर्षांपूर्वी, १८९९ मध्ये, मार्कोनीने याच शर्यतीच्या वार्ता यशस्वीपणे पाठविल्या होत्या. तेव्हा तो एकटा होता. प्रत्येक प्रेषकाने आपापल्या कंपनसंख्येवर बोलावे आणि ग्राहकाने तेवढीच ऐकावी, हा स्वरमेळाचा विचार लॉजने १८९७ मध्ये मांडला होता. १९०० मध्ये मार्कोनीने ७७७७ क्रमांकाचे प्रख्यात पेटंट त्याच तत्त्वावर घेतले. तानपुऱ्याच्या तारा जुळविणाऱ्या देशाला हे तत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही.

स्वर जुळला की परका आवाज आत येणार नाही, असा मार्कोनीचा दावा होता. ४ जून १९०३ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्या दाव्याची जाहीर फजिती झाली. प्राध्यापक फ्लेमिंग व्याख्यान देत होते. दूर कॉर्नवॉलमधील पोल्डूहून मार्कोनीचा संदेश यावयाचा होता. संदेशाची वेळ जवळ आली असता फ्लेमिंग यांच्या साहाय्यकाला प्रकाशयंत्रातून लयबद्ध टकटक ऐकू येऊ लागली. यंत्राने एकच शब्द पुन्हा पुन्हा उमटविला, ‘उंदीर’. त्यापाठोपाठ मार्कोनीची टवाळी करणारी काही पद्येही आली. हा खेळ नेव्हिल मॅस्केलिन याचा होता. तो पेशाने जादूगार, आणि बिनतारी विद्येचा जाणकार अभ्यासक. साध्या, न जुळविलेल्या प्रेषकाने जवळूनच त्याने सभागृहातील ग्राहकयंत्र व्यापून टाकले. फ्लेमिंग यांनी ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून या प्रकाराचा संतापाने निषेध केला, मॅस्केलिनने उलट उत्तर दिले की, पोकळ दाव्याची परीक्षा लोकहितासाठीच घेतली. संताप समजण्यासारखा आहे, पण शास्त्राच्या दृष्टीने बाजू जादूगाराचीच बळकट होती. स्वर जुळणे म्हणजे आवाज कोणाचा हे कळणे नव्हे. ओळख पटविण्याची व्यवस्था वेगळीच करावी लागते, ही गोष्ट त्या संध्याकाळी उघड झाली. तिच्याकडे पुढे वळावयाचे आहे.

गर्दीवर एक उपाय मात्र महाराष्ट्राच्या भूमीवरच पाहावयास मिळाला. २३ जुलै १९२७ रोजी हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यातील ‘बीम’ बिनतारी सेवेचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. तिचे प्रेषण पुण्याजवळील खडकीहून होई आणि ग्रहण दौंड येथे. दोहोंत अंतर सुमारे पाऊणशे किलोमीटर. इंग्लंडकडेही लिंकनशायरमध्ये प्रेषणासाठी टेटनी आणि ग्रहणासाठी विंथॉर्प अशी दोन ठिकाणे होती. कारण साधे आहे: जो कान सात समुद्रांपलीकडील कुजबुज ऐकावयास बसला आहे, त्याच्या शेजारी नगारा वाजवून चालत नाही. लॅपटॉपमध्ये नगारा आणि कान वीतभर अंतरात बसविलेले असतात. २००८ मध्ये यूएसबीची तिसरी आवृत्ती जाहीर झाली. तिच्या तारेतून सेकंदाला पाच अब्ज बिट धावतात आणि त्या धावण्याचा विद्युत्गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासही पसरतो. नेमक्या त्याच पट्ट्यात बिनतारी माऊस बोलतो. २०१२ साली इंटेल कंपनीने हा परिणाम मोजून एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातील उपचार खडकी-दौंडचाच, फक्त लहान मापाचा: माऊसचा चिमुकला ग्राहक बाहेरच्या हार्ड डिस्कच्या शेजारच्या खाचेत न लावता दुसऱ्या बाजूस लावावा, अथवा हातभर जोडतारेने दूर न्यावा. माऊस बिघडला म्हणून टाकून देणाऱ्या कितीतरी लोकांनी त्याच्या शेजारची डिस्क काढून पाहिलेली नसते.

परंतु सगळ्या वस्तूंची याच पट्ट्यात झुंबड का? याचे उत्तर स्वयंपाकघरात आहे. अमेरिकेतील रेथिऑन कंपनीच्या पर्सी स्पेन्सरने १९४५ च्या सुमारास रडारच्या लहरींनी अन्न तापविता येते हे दाखविले आणि १९४७ मध्ये अशी भट्टी बाजारात आली. त्याच वर्षी अटलांटिक सिटी येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत २,४५० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा उद्योग, विज्ञान व वैद्यक यांच्या यंत्रांसाठी ठेवण्यात आला. संदेशवहनाच्या दृष्टीने तो पडीक जमिनीसारखाच होता. ९ मे १९८५ रोजी अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने विखुरलेल्या लहरींच्या पद्धतीने, मर्यादित शक्तीत, विनापरवाना बोलण्यास ही जमीन खुली केली. थोडक्यात, ते गायरान झाले. कोणीही आपली जनावरे सोडावीत. शेजाऱ्याच्या गुरांनी गवत खाल्ले म्हणून फिर्याद करता येणार नाही.

भारतात हे गायरान खुले होण्यास २००५ चा जानेवारी उजाडला. ज्या देशात १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत घरच्या रेडिओसाठीही टपाल कचेरीत परवान्याचे पैसे भरावे लागत, तेथे हा बदल लहान नव्हता. २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झच्या भागातही विस्तृत पट्टे मोकळे झाले. म्हणूनच घरातील वायफाय ५ गिगाहर्ट्झवर नेले की जुन्या गायरानातील गर्दी कमी होते आणि ब्लूटूथला मोकळा श्वास मिळतो. ब्लूटूथ स्वतः तेथे जात नाही, ते २.४ मध्येच राहते.

ब्लूटूथचा जन्म १९९४ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे, एरिक्सन कंपनीत झाला. डच अभियंता याप हार्टसन हा तिचा प्रमुख शिल्पकार. गर्दीतून वाट काढण्यासाठी त्याने उड्यांचा मार्ग पत्करला: ७९ लहान मार्गिका, आणि सेकंदाला १,६०० उड्या. एका मार्गिकेवर कोणी आडवे आले तरी पुढच्या उडीला वाट मोकळी सापडते. चित्रतारका हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी १९४२ मध्ये पाणतीराच्या मार्गदर्शनासाठी अशाच उड्यांचे पेटंट घेतले होते, तेही पियानोच्या ८८ पट्ट्यांइतक्या कंपनसंख्यांचे. यावरून लमार यांना वायफायची जननी ठरविण्याची जी प्रथा वृत्तपत्रांत पडली आहे, ती अतिशयोक्त होय. कल्पना चतुर होती, पण आजची यंत्रे तिच्यातून सरळ उतरलेली नाहीत. १९९९ नंतर लॅपटॉपमध्ये वायफाय शिरले आणि आंधळ्या उड्या पुरेनाशा झाल्या, कारण वायफायची एक वाहिनी ब्लूटूथच्या वीसेक मार्गिका व्यापते. २००३ च्या आवृत्तीपासून ब्लूटूथ व्यापलेल्या मार्गिका ओळखून त्या टाळू लागले. हेडफोनमधील आवाज भट्टी चालू असेपर्यंतच तुटतो की सदासर्वदा, हे पाहिले तर रोगाचे अर्धे निदान होते.

उरली ती मॅस्केलिनने दाखविलेली उणीव, ओळखीची. ब्लूटूथमध्ये दोन यंत्रे प्रथम भेटतात तेव्हा एक गुप्त किल्ली ठरते आणि तिची नोंद दोन्हीकडे राहते. लॅपटॉपची प्रणाली नव्याने बसविली, अथवा वस्तूची स्मृती पुसली गेली, तर एकीकडची किल्ली राहते व दुसरीकडची जाते. मग यादीत नाव दिसते, पण जोडणी होत नाही. अशा वेळी पुन्हा पुन्हा ‘जोडा’ म्हणून उपयोग नसतो. दोन्हीकडील जुनी ओळख पुसून नव्याने परिचय करून द्यावा लागतो. कधी कधी किल्ली शाबूत असते, पण हेडफोन शेजारच्या खोलीतील मोबाईलशी आधीच बोलत असतो. बिघाड समजून तासभर घालविण्यापूर्वी त्या मोबाईलचे ब्लूटूथ बंद करून पाहिलेले बरे. ज्यांचे श्रवणयंत्रच ब्लूटूथने लॅपटॉपशी जोडलेले आहे, त्यांच्या दृष्टीने हा तास म्हणजे डॉक्टरांशी ठरलेली भेट बुडणे होय.

ओळख मुळी विचारलीच नाही तर काय होते, हेही दिसून आले आहे. स्वतःच्या चिमुकल्या ग्राहकासह येणारे पुष्कळ माऊस ब्लूटूथ वापरीत नाहीत. २०१६ च्या फेब्रुवारीत काही संशोधकांनी दाखवून दिले की, अनेक उत्पादकांचे असे ग्राहक परक्याने पाठविलेल्या कळाही निमूटपणे स्वीकारतात. दूरवर बसलेला मनुष्य दुसऱ्याच्या लॅपटॉपवर अक्षरे उमटवू शकतो. रॉयल इन्स्टिट्यूशनमधील त्या संध्याकाळीनंतर ११३ वर्षे होत आली होती. काही उत्पादकांनी ग्राहकाचा आतील कार्यक्रम सुधारून दिला. ज्यांचा कार्यक्रम बदलताच येत नव्हता, ते ग्राहक आजही कितीतरी टेबलांवर चालू आहेत.