धर्मग्रामांतील वाद्यशिक्षण व हौशी बँड

कोणत्याहि धर्मग्रामाचा सण म्हटला कीं मिरवणूक आलीच, आणि मिरवणूक म्हटली कीं तिच्या अग्रभागीं बँड आलाच. बँडावांचून लग्न नाहीं व बँडावांचून सण नाहीं, अशी आपल्या ख्रिस्ती समाजाची जुनी समजूत आहे. परंतु हा बँड येतो कोठून, त्यांतील वादक वाजवावयास शिकले कोठें, व त्यांना शिकविलें कोणीं, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. महोत्सवानिमित्त निघणाऱ्या प्रस्तुत पुस्तिकेंत या शिक्षणाचा इतिहास थोडक्यांत सांगावा, असें आम्हीं योजिलें आहे. कारण उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील आपल्या कुटुंबांनीं मनावर घ्यावी अशी एक गोष्ट त्यांत आहे, असें आम्हांस वाटतें.

आपल्या या तीन गांवांचा जन्मकाल निरनिराळा आहे. अंबरनाथचें शिवालय शके ९८२ मधील, म्हणजे इ. स. १०६० चें. बदलापुरावरून आगगाडी धावूं लागली ती १८५६ सालीं. उल्हासनगर ही दुसऱ्या महायुद्धांतील कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर तेथें सिंधी निर्वासित बांधवांना आसरा मिळाला, व ८ ऑगस्ट १९४९ रोजीं त्या वसाहतीस आजचें नांव प्राप्त झालें. आगपेट्यांच्या कारखान्यामुळें व पुढें १९५३ सालीं निघालेल्या सरकारी शस्त्रास्त्रांच्या कारखान्यामुळें अंबरनाथास कामगारांची वस्ती वाढली. वसईच्या जुन्या गांवांप्रमाणें पिढ्यान् पिढ्या एकाच चर्चच्या छायेखालीं वाढलेला ख्रिस्ती समाज येथें नव्हता. कोणी वसईहून, कोणी मुंबईहून, कोणी गोव्याहून, तर कोणी दूर दक्षिणेहून पोटासाठीं येथें आले. येतांना त्यांनीं सणाची हौस आणली, बँडाची आवड आणली. परंतु ज्या शाळेंत वादक तयार होत, ती शाळा मात्र गांवींच राहिली. आमच्या सांगण्याचा मुख्य मुद्दा हाच आहे.

ती शाळा कशी होती, हें पाहावयाचें तर गोव्याकडे वळलें पाहिजे. तेथें धर्मग्रामाच्या शाळेंत मुलांना धर्मशिक्षण व अक्षरओळख यांबरोबर संगीतहि शिकवीत. शिकविणाऱ्यास मेस्त म्हणत. तोच चर्चमधील गायकवृंदाचा प्रमुख असे. त्याची शिस्त मोठी कडक. आरंभीं मुलाच्या हातीं वाद्य म्हणून द्यावयाचें नाहीं; हातानें ताल धरून, समोरच्या कागदावरील एकेका स्वराचें नांव घेत त्यानें गावयाचें. डोळ्यांनीं वाचलेला स्वर गळ्यांतून अचूक निघूं लागला, म्हणजे मग व्हायोलिन हातीं येई. पुढें घरोघरच्या लदीनींत, नोवेनांत व सणाच्या मिस्सेंत तो मुलगा इतरांच्या बरोबरीनें बसे. सणाच्या दिवशीं पहाटे गांवभर वाजत फिरून लोकांस जागें करणारा बँड अशाच मुलांचा बनलेला असे. गोव्यांतील राशोल येथें फादर थॉमस स्टीफन्स यांचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं छापलें गेलें, हें वाचकांस ठाऊकच आहे. फादर स्टीफन्स यांनीं येथील ओवी घेतली, मेस्तांनीं युरोपांतील स्वरलिपि घेतली. परंतु सामान्य माणसानें नुसतें ऐकत न राहतां स्वतः म्हणावें, हा हेतु दोहोंचा एकच होता.

या स्वरलिपीचा उगमहि धर्मसेवेंतच आहे. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धांत इटलींतील आरेत्सो येथें ग्विदो नांवाचे एक संन्यासी होते. मुलांना स्तोत्रें पाठ करावयास फार काळ लागतो, हें त्यांनीं पाहिलें. बाप्तिस्ता संत योहान यांच्या सणाचें एक लॅटिन स्तोत्र आहे. त्याचा प्रत्येक चरण आधींच्या चरणापेक्षां एका स्वरानें वर सुरू होतो. त्या चरणांचीं आद्याक्षरें उत्, रे, मी, फा, सोल, ला हींच त्यांनीं स्वरांचीं नांवें ठरविलीं. पुढें ‘उत्’च्या जागीं ‘दो’ आलें व सातवा ‘सी’ जोडला गेला. अशा रीतीनें पूर्वीं कधीं न ऐकलेलें गीत कागदावरून गातां येऊं लागलें, व एका शिक्षकास एकाच वेळीं वीस मुलांना शिकवितां येऊं लागलें. आपल्या सा, रे, ग, म ची विद्या फार थोर. परंतु ती गुरूच्या घरीं राहून, गुरूच्या मुखांतून घ्यावयाची. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें व स्वतःची स्वरलेखनपद्धति चालविली, ती सर्वसामान्य मुलांस संगीताचा लाभ व्हावा म्हणूनच.

पाश्चात्य वाद्यें ख्रिस्ती लोकांपुरतींच राहिलीं, असें मात्र कोणी समजूं नये. तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी यांनीं १७९८ ते १८३२ पर्यंत राज्य केलें. त्यांचें लहानपणींचें शिक्षण श्वार्ट्झ या प्रॉटेस्टंट मिशनऱ्याच्या देखरेखीखालीं झालें होतें. या मराठी राजानें आपल्या दरबारीं पाश्चात्य वाद्यांचा बँड ठेविला होता. त्याच सुमारास बालुस्वामी दीक्षितर हे मद्रासेकडे एका युरोपीय वादकाकडून व्हायोलिन शिकले. आणि आज कर्नाटक संगीताची बैठक व्हायोलिनवांचून क्वचितच होते. वाद्याला जात नाहीं व धर्महि नाहीं. जो शिकेल त्याचें तें होतें.

आतां पितळी वाद्यांकडे वळूं. शंभर-सव्वाशें मजुरांच्या वस्तींतहि बँड उभा राहूं शकतो, हें शक्य झालें तें एका लहानशा यांत्रिक सुधारणेमुळें. पूर्वींच्या साध्या तुतारींतून ओठांच्या ताणानें निघतील तेवढेच मोजके स्वर निघत. त्यांवर पूर्ण चाल वाजविणें दुर्घट होतें. १८१८ सालीं स्टोल्झेल व ब्ल्यूमेल या दोघां जर्मन वादकांनीं बर्लिन येथें झडपेच्या युक्तीचे हक्क मिळविले. झडप दाबली कीं नळींतील हवेचा मार्ग लांबतो व स्वर खालीं उतरतो. तीन झडपा असल्या म्हणजे सर्व स्वर हातीं येतात. पुढें १८४० नंतर अदोल्फ साक्स या बेल्जियन कारागिरानें लहानापासून मोठ्यापर्यंत एकाच घडणीच्या शिंगांचा संच बनविला. त्या सर्वांवर बोटें ठेवण्याची रीत सारखीच. म्हणून लहान वाद्य शिकलेल्या माणसास मोठें वाद्य उचलण्यास नवा अभ्यास फारसा करावा लागत नसे. याचा परिणाम असा झाला कीं इंग्लंडांतील गिरणी व खाणींच्या गांवीं दिवसभर काम करून संध्याकाळीं सराव करणाऱ्या मजुरांचे बँड निघाले, व १८५३ पासून मँचेस्टरच्या बेल व्ह्यू बागेंत त्यांच्या मोठ्या चढाओढी होऊं लागल्या. अंबरनाथासारख्या कारखान्यांच्या गांवानें हें उदाहरण अवश्य ध्यानांत ठेवावें. हे वादक हौशी होते. त्यांची रोजी निराळी होती.

आपल्याकडे मुंबई, साष्टी व वसई येथील ख्रिस्ती समाजानें हा बँड लवकरच आपला केला. लग्नाच्या आदल्या दिवशीं ‘उंबराचें पाणी’ आणण्यास विहिरीवर जावयाचें, तें वाजतगाजत. गोव्यांतून मुंबईस आलेले तरुण धोबीतलाव, माझगांव या भागांतील आपापल्या गांवच्या कुडांत उतरत. मेस्ताजवळ शिकलेली स्वरलिपि हीच त्यांतील पुष्कळांची शिदोरी होती. मूकपटांच्या काळांत पडद्यासमोर बसून वाजविण्याचें काम अशा वादकांना मिळे. १९३१ सालीं ‘आलम आरा’ हा पहिला बोलपट आला व तें काम हळूहळू बंद पडलें. परंतु बोलपटांच्या गाण्यांना वाद्यवृंद लागूं लागल्यामुळें तेच वादक पुढें ध्वनिमुद्रणगृहांत दिसूं लागले. संगीतकारानें चाल गुणगुणावी व यांनीं ती कागदावर उतरवून पन्नास वादकांत वांटून द्यावी, असा क्रम पडला. पुणतांब्यास जन्मलेले आपले सी. रामचंद्र यांना ट्रंपेटवादक चिक चॉकलेट यांचें साह्य होतें. हे मूळचे गोव्यांतील आल्दोना गांवचे आंतोनियो शावियेर वाझ. १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटांत त्यांचा बँड पडद्यावरहि दिसतो. माजोर्डा गांवीं १९२७ सालीं जन्मलेले अँथनी गोन्साल्विस यांस व्हायोलिन शिकविलें तें त्यांच्या वडिलांनीं, जे स्वतः चर्चमधील गायकवृंदाचे प्रमुख होते. अँथनी १९४३ सालीं मुंबईस आले, १९५८ सालीं मोठा वाद्यवृंद उभारून त्यांनीं रागांवर आधारलेल्या रचना ऐकविल्या, व प्यारेलाल यांसारखे शिष्य तयार केले. १९७७ च्या एका गाजलेल्या गाण्यांत त्यांचें नांव आलें तें याच शिष्याच्या कृतज्ञतेमुळें. २०१२ सालीं ते देवाघरीं गेले.

हीं नांवें मोठीं आहेत. परंतु त्या शाळांची खरी किंमत अशा चार-दोन नांवांनीं मोजूं नये. मेस्ताजवळ शिकलेलीं बहुतेक मुलें पुढें शेतकरी, सुतार, खलाशी किंवा कारकून झालीं, आणि रविवारीं व सणावारीं वाजवीत राहिलीं. दहा माणसांनीं एका वेळीं श्वास घ्यावा, एकानें थांबल्यावर दुसऱ्यानें उचलावें, आपला आवाज शेजाऱ्याच्या आवाजावर चढूं देऊं नये, हें त्यांस वाद्यानें शिकविलें. या परंपरेंत एक उणेंहि होतें, तें सांगितलें पाहिजे. तें शिक्षण बहुतांशीं मुलग्यांसाठींच असे. बँडांत मुलगी दिसत नसे.

चर्चमध्यें बँडाचें स्थान काय, याविषयींहि वाचकांच्या मनांत शंका असते. परमगुरु दहावे पायस यांनीं २२ नोव्हेंबर १९०३ रोजीं, म्हणजे संगीतकारांच्या आश्रयदात्या संत सिसिलिया यांच्या सणीं, पवित्र संगीताविषयीं नियम घालून दिले. चर्चच्या आंत बँड वाजविण्यास त्यांनीं मनाई केली. बाहेरील मिरवणुकींत मात्र महागुरूंच्या परवानगीनें बँड असावा, परंतु त्यानें लौकिक चाली वाजवूं नयेत, असें सांगितलें. लोकांच्या भक्तिगीतांस साथ करणें हें त्याचें उत्तम काम, असाहि त्यांचा अभिप्राय होता. पुढें ४ डिसेंबर १९६३ च्या व्हॅटिकन परिषदेच्या उपासनाविषयक घटनेनें पाइप ऑर्गनचा मान कायम ठेवून इतर योग्य वाद्यांसहि दार उघडें केलें. दोन्ही लेखांचें मर्म एकच: वाद्य हें लोकांच्या प्रार्थनेस साह्य करण्यासाठीं आहे, तिला झांकून टाकण्यासाठीं नव्हे.

आज स्थिति पालटली आहे. मुलांची संध्याकाळ शिकवणीच्या वर्गांत जाते. यंत्रांतून बारा वाद्यांचा आवाज एकट्यास काढतां येतो. आणि सणाला बँड हवा तर भाड्यानें मिळतो. भाड्यानें येणाऱ्या वादकांस आम्ही मुळींच कमी लेखीत नाहीं. उन्हांतान्हांत चालत वाजविणाऱ्या त्या माणसांनीं आपली विद्या कष्टानेंच मिळविलेली असते. परंतु पैसे देऊन आपण एका दिवसाचा आवाज घेतों. विद्या त्यांच्याबरोबर परत जाते. तरुणांना हौस राहिली नाहीं, असें म्हणावें तर तेंहि खरें नाहीं. गणेशोत्सवापूर्वीं ढोल-ताशांच्या पथकांत मुलगे व मुली खांद्याला खांदा लावून कित्येक आठवडे सराव करतात, तो कोणी पैशासाठीं करीत नाहीं. शिकविणारा असला, जागा असली व ठरलेली वेळ असली, तर तरुण येतात, हें आपल्या शेजाऱ्यांनीं दाखवून दिलें आहे.

म्हणून धर्मग्रामाच्या समितीपुढें व पालकांपुढें आमची एकच सूचना आहे. महोत्सवाच्या खर्चांतून जें उरेल त्यांतून आधीं एक शिक्षक नेमावा, वाद्यें मागाहून घ्यावींत. आठवड्यांतून दोन संध्याकाळ शाळेची एक खोली उघडी ठेवावी. पहिलें वर्ष केवळ स्वरवाचनाचें व गायनाचें असावें. त्यास खर्च थोडा आणि धीर मोठा लागतो. कोणाच्या घरीं जुनें व्हायोलिन किंवा कॉर्नेट कपाटावर पडून असेल, तर त्यांनीं तें शिकणाऱ्या मुलास वापरावयास द्यावें. मुली व मुलगे यांत भेद करूं नये, व ज्याची ऐपत नाहीं त्याच्याकडून फी घेऊं नये. दोन-तीन वर्षें मिरवणुकीस भाड्याचाच बँड असेल, व आपलीं मुलें त्याच्या मागून स्तोत्रें गात चालतील. त्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. आपल्या गांवाहून येतांना जी शाळा मागें राहिली, ती येथें पुन्हां उभारण्याची बुद्धि व धीर आपणां सर्वांस प्रभु देवो, हीच आमची प्रार्थना.