बटन सेल (मायक्रोकंट्रोलर बोर्डासाठी)

बटन सेल : नाण्याच्या आकाराचा चपटा, एकदाच वापरायचा लिथियम सेल. वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशाच्या भाषेत हा ‘विद्युत् घट’; दुकानात मात्र सेलच म्हणावे लागते. सर्वांत परिचित प्रकार सीआर२०३२. नावातच माप आहे : व्यास २० मिमी, जाडी ३.२ मिमी. दाब ३ व्होल्ट, वजन सुमारे ३ ग्रॅम, क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास.

या शेवटच्या आकड्यावर नवशिके हमखास फसतात. सेलमधून ०.२ मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह सावकाश काढला तरच तो खरा. सेलचा अंतर्गत रोध मोठा असतो आणि वापरागणिक वाढत जातो. एकदम ३०-४० मिलिअँपिअर मागितले की दाब कोसळतो, बोर्ड रीसेट होतो, उठताना पुन्हा तेवढेच मागतो आणि पुन्हा बंद पडतो. अर्डुइनो उनो हा बोर्ड स्वस्थ बसूनही ४५ मिलिअँपिअरच्या घरात खातो, आणि त्याला ५ व्होल्ट हवेत. दोष मूळ चिपचा नाही. यूएसबीची चिप, रेग्युलेटर आणि सतत जळणारा दिवा हे खादाड सोबती. त्याची एटीमेगा३२८पी ही मूळ चिप सुटी, कमी वेगात चालवली, तर १.८ व्होल्टपर्यंत तग धरते आणि गाढ झोपेत, वॉचडॉग (ठरावीक वेळाने उठवणारा टायमर) चालू ठेवूनही, ५ मायक्रोअँपिअरच्या आसपास भागवते.

सेल वर्षभर पुरवायचा तर सरासरी खर्च २५ मायक्रोअँपिअरच्या आत हवा. दर अर्ध्या तासाला ०.२ सेकंद जागे होऊन ४ मिलिअँपिअर घेणाऱ्या चिपचा जागेपणीचा सरासरी खर्च अर्धा मायक्रोअँपिअरही होत नाही; झोपेचा त्याच्या दहापट. म्हणून काटकसर झोपेत करायची.

सांगली-साताऱ्याच्या शेतीत या सेलची खरी जागा घड्याळात आहे. शेतीपंपाची वीज पाळीने, कधी दिवसा कधी रात्री येते. वेळेवर मोटार चालवणाऱ्या घरगुती टायमरला वीज नसतानाही वेळ आठवावी लागते. डीएस३२३१ ही घड्याळ-चिप त्यासाठी सेलमधून जेमतेम एक मायक्रोअँपिअर घेते. मात्र बाजारात मिळणाऱ्या तिच्या स्वस्त निळ्या बोर्डावर चार्जिंगची सोय असते. ती एलआयआर२०३२ या चार्ज होणाऱ्या सेलसाठी. तिथे सीआर२०३२ बसवून बोर्डाला ५ व्होल्ट दिले तर सेल फुगू शकतो, फुटूही शकतो. डायोडजवळचा ‘२०१’ लिहिलेला बारका रोधक काढून टाकला की प्रश्न मिटतो.

तासगाव, मिरज भागातल्या द्राक्षबागायतदाराला ऑक्टोबर छाटणीनंतर भुरी-डाऊनी या रोगांचा अंदाज बांधायला तापमान, आर्द्रता आणि पानावरचा ओलावा हवा असतो. नोंदी बोर्डावरच साठवायच्या असतील तर बटन सेल पुरतो. त्या घरी पाठवायच्या म्हटले की गणित बदलते. ब्लूटूथचा काही मिलिसेकंदांचा झटका १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर झेलतो. ८६५-८६७ मेगाहर्ट्झवरच्या लोरा या लांब पल्ल्याच्या रेडिओचा संदेश मात्र शेकडो मिलिसेकंद चालू शकतो आणि ३० मिलिअँपिअरच्या आसपास मागतो. वायफायचे नावच काढू नये. अशा वेळी बागेत सरळ दोन पेन्सिल सेल वापरावेत. बटन सेलचा हट्ट तिथे केवळ हौसेचा.

थंडीत अंतर्गत रोध आणखी वाढतो. महाबळेश्वरची जानेवारीतली पहाट किंवा बेदाण्याचे शीतगृह, दोन्हीकडे खोलीत नीट चाललेला बोर्ड अडखळू शकतो. डोंगराकडच्या पावसाळ्यात त्रास वेगळाच : दमट बोर्डावरून झिरपणारा प्रवाह झोपेतल्या खर्चाहून जास्त भरतो. सेल बसवताना कडेला लागलेला बोटाचा घामही तेच करतो, म्हणून सेल कोरड्या फडक्याने धरावा.

मल्टिमीटरवर २.९ व्होल्ट दिसले म्हणजे सेल शाबूत, असे नव्हे. २२० ओहमचा रोधक क्षणभर जोडून मोजावे. थकलेला सेल तिथेच लटपटतो.

रिकामा वाटणारा सेलही घरात उघडा टाकू नये. मुलाने गिळल्यास तो अन्ननलिकेत अडकून दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी जखम करतो. अशा वेळी विनाविलंब रुग्णालय गाठावे.