वसईजवळचं तुंगारेश्वर: वर पाऊस पडतो आणि खाली पाणी वाढतं, ते कसं?

पावसाळा आला की सोशल मीडियावर हिमालयातली निळी तळी आणि वसईचे धबधबे एकापाठोपाठ दिसायला लागतात. माणिकपूरकरांसाठी सिक्कीम लांब आहे, तुंगारेश्वरचा डोंगर मात्र रिक्षाने गाठता येतो. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी तिकडे गर्दी होते. पण जाण्याआधी हा डोंगर आणि त्याचं पाणी नीट समजून घ्यायला हवं.

तुंगारेश्वर नेमकं काय आहे?

बरेच जण याला पिकनिक स्पॉट समजतात. प्रत्यक्षात 2003 पासून हे वन्यजीव अभयारण्य आहे. क्षेत्र सुमारे 85 चौरस किलोमीटर आणि डोंगराची उंची सुमारे 2,177 फूट. एका बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, दुसऱ्या बाजूला तानसा अभयारण्य आणि मधला दुवा म्हणजे तुंगारेश्वर. बिबट्यांसारख्या प्राण्यांना एका जंगलातून दुसऱ्यात जायला हाच पट्टा उपयोगी पडतो. म्हणूनच इथे मोठ्याने गाणी लावणं किंवा कचरा टाकणं ही साधी गोष्ट नाही.

जायचं कसं?

माणिकपूरहून वसई रोड स्टेशनच्या पूर्वेला यायचं आणि सातिवलीमार्गे मुंबई-अहमदाबाद महामार्ग गाठायचा. महामार्ग ओलांडला की वनविभागाचं प्रवेशद्वार लागतं. तिथून तुंगारेश्वर महादेवाचं मंदिर साधारण तीन-चार किलोमीटरवर आहे. वाटेत ओढे रस्ता ओलांडतात आणि मंदिराच्या पुढे चढण तीव्र होत जाते.

हिमालयासारखी तळी इथे का नाहीत?

सिक्कीममधल्या कांचनजंगा राष्ट्रीय उद्यानात हिमनद्यांमुळे तयार झालेली अनेक तळी आहेत. बर्फाची प्रचंड लादी हळूहळू सरकताना खडक खरवडते, दगडमाती पुढे ढकलते आणि त्या खोलगट जागेत वितळलेलं पाणी साचतं. सह्याद्रीत हिमनद्या नाहीत. इथला खडक म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा बेसाल्ट, आणि त्यावरून वाहतं ते पावसाचं पाणी. म्हणून पावसाळ्यात फेसाळणारे ओढे उन्हाळ्यात कोरडे पडतात.

मग धोका कुठे आहे?

धोका दोन्हीकडे आहे. सिक्कीममधलं साऊथ ल्होनाक हे हिमनदीचं तळं ऑक्टोबर 2023 मध्ये फुटलं आणि तीस्ता नदीला महापूर आला. तुंगारेश्वरात तळं फुटण्याची भीती नाही, पण उतार तीव्र आणि ओढे आखूड आहेत. वरच्या पठारावर जोराचा पाऊस झाला की कातळात फारसं पाणी मुरत नाही, ते थेट खाली धावतं. खाली ऊन असलं तरी ओढ्याची पातळी थोड्याच वेळात वाढू शकते. जाताना घोट्याएवढं असलेलं पाणी परतताना कमरेपर्यंत आलेलं असू शकतं. डोहात भोवरे आणि शेवाळलेले खडक असतात, त्यामुळे पोहता येणाऱ्यांचाही घात होतो. याच परिसरातल्या चिंचोटी धबधब्यावर आजवर अनेकांचा बुडून मृत्यू झाला आहे.

निघण्यापूर्वी काय बघायचं?

• हवामान विभागाने पालघर जिल्ह्यासाठी ऑरेंज किंवा रेड अलर्ट दिला असेल तर बेत पुढे ढकला.
• पावसाळ्यात धबधब्यांवर जाण्यास प्रशासन अनेकदा बंदी घालतं. आदेश लागू आहे का, हे आधी पाहा.
• गाडी आत नेता येईल का आणि कधीपर्यंत परतायचं, हे प्रवेशद्वारावर विचारा.
• पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा वाहून येऊ लागला किंवा आवाज वाढला, तर लगेच काठावर या.
• परतीच्या वाटेवर ओढा भरला असेल तर तो ओलांडू नका. उंच जागी थांबा. पाऊस थांबल्यावर हे ओढे बहुतेक वेळा काही तासांत उतरतात.

तुंगारेश्वरात हेच शेवटचं लक्षात ठेवायला हवं. पाणी जसं झटकन चढतं, तसं ते उतरतंही. घरी पोहोचायला थोडा उशीर झाला तरी चालेल.