देमारपट

मारामारी, घोडदौड, पाठलाग, बुरखाधारी वीर, गुप्त दरवाजे व अद्‌भुत यंत्रे यांवर रचलेल्या आणि अल्प खर्चात, थोड्या मुदतीत तयार होणाऱ्या चित्रपटांना मराठीत देमारपट किंवा स्टंटपट म्हणतात. स्वस्त भयपट व जादूचे चित्रपट हेही व्यवहारात याच वर्गात मोडतात. अमेरिकेत १९३० नंतरच्या मंदीच्या काळात एका तिकिटात दोन चित्रपट दाखविण्याची प्रथा रूढ झाली व त्यांतील दुय्यम चित्रपटास ‘बी’ चित्रपट असे नाव मिळाले. भारतात ही प्रथा रुजली नाही. येथे चित्रपटाची प्रत ठरली ती तो कोणत्या चित्रपटगृहात व कोणत्या प्रेक्षकांपुढे लागतो यावरून. त्यामुळे देमारपटाचा इतिहास हा बव्हंशी गिरणगावातील, तालुक्याच्या गावातील व जत्रेतील प्रेक्षकांचा इतिहास आहे.

या प्रकाराला प्रतिष्ठा नसली, तरी लोकप्रियता मिळवून दिली ती मुंबईच्या वाडिया मूव्हीटोनने (स्थापना १९३३). जे. बी. एच. वाडिया व होमी वाडिया या बंधूंनी ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या मेरी एव्हन्स ऊर्फ नादिया (१९०८–९६) या अभिनेत्रीस हंटरवाली (१९३५) मध्ये नायिका केले. गोऱ्या स्त्रीने चाबूक घेऊन पुरुषांना बडविण्याचे हे दृश्य पाहून वितरक कचरले. प्रेक्षक मात्र कचरले नाहीत. मिस फ्रंटियर मेल (१९३६), डायमंड क्वीन (१९४०) इ. चित्रपटांत नादिया आगगाडीच्या टपावर लढली. कथा बाळबोध, पण आशय सर्वस्वी पोकळ नव्हता. जे. बी. एच. वाडिया हे मानवेंद्रनाथ रॉय यांचे अनुयायी होते व स्त्रियांचे हक्क, अन्यायी सत्तेचा प्रतिकार हे विषय त्यांनी या हाणामारीत बेमालूम मिसळले. गंभीर चित्रपट म्हणून नावाजलेल्या कित्येक कृतींतील नायिका त्या काळी अश्रू ढाळीत होती, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. पुढे थोरल्या बंधूंचा ओढा प्रतिष्ठित चित्रपटांकडे वळला, होमी यांनी १९४२ मध्ये बसंत पिक्चर्स ही वेगळी संस्था काढली आणि वाडियांच्या परळच्या जागेत व्ही. शांताराम यांचे राजकमल कलामंदिर उभे राहिले.

मराठी माणसांपैकी या क्षेत्रात अग्रेसर ठरले ते भगवान आबाजी पालव ऊर्फ मास्टर भगवान (१९१३–२००२). बहादुर किसान (१९३८) पासून सुमारे दशकभर त्यांनी एकामागून एक देमारपट काढले. कपड्यांपासून जेवणापर्यंत सर्व व्यवस्था ते स्वतः पाहत. कामगार प्रेक्षकांनी त्यांना उचलून धरले. या घाईच्या धंद्याची किंमत मात्र कलावंतांना मोजावी लागे : एका चित्रीकरणात भगवान यांची थप्पड जोरात बसून ललिता पवार यांच्या डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली. अलबेला (१९५१) या सामाजिक संगीतपटामुळे भगवान यांना सर्वत्र मान्यता मिळाली. ते यश पुढे टिकले नाही व त्यांची अखेरची वर्षे दादरच्या चाळीत गेली.

मराठवाड्यात हे चित्रपट वेगळ्या वाटेने पोहोचले. निजामी राजवट १९४८ मध्ये संपली व १९५६ मध्ये हा प्रदेश मुंबई राज्यात आला, तरी वितरणव्यवहारात तो हैदराबादशी जोडलेल्या ‘निझाम’ या क्षेत्रातच राहिला. मुखेड, कंधार, देगलूर यांसारखी गावे त्या साखळीच्या शेवटच्या टोकाला. शहरे फिरून लहान गावी येईतो चित्रपटाची प्रत झिजलेली व जोडकामाने आखूड झालेली असे. सामाजिक चित्रपटाला ही काटछाट मारक ठरे. देमारपटाचे त्याने फारसे बिघडत नसे, कारण त्यातील प्रत्येक लढत स्वयंपूर्ण होती. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेसारख्या यात्रांत पशुबाजार, कुस्ती व तमाशाचे फड हेच मुख्य आकर्षण. फिरत्या सिनेमाच्या तंबूत जमिनीवर बसणारा प्रेक्षकही तोच होता.

देमारपटाच्या आकर्षणाचे मर्म याच शेजारात आहे. वगातील राजा उसन्या अंगरख्यात आहे हे तमाशाच्या प्रेक्षकाला ठाऊक असते. त्यावाचून त्याचे अडत नाही. ख्वाब की दुनिया (१९३७) मध्ये वस्तू हवेत तरंगविण्यासाठी वापरलेल्या काळ्या दोऱ्यावरून बाबूभाई मिस्त्री यांना ‘काला धागा’ हे टोपणनाव पडले. युक्ती उघड झाल्याने तिची गंमत वाढली. मिस्त्रींनीच पुढे दारासिंग यांना घेऊन किंग काँग (१९६२) काढला व कुस्तीचा आखाडा पडद्यावर आणला. अशा खेळास प्रेक्षक शिट्ट्या, सूचना व टोमणे यांनी साथ देतात. सुशिक्षितांनी या चित्रपटांना पुढे कौतुकाने हसणे वेगळे : गुंडा (१९९८) चे चाहते त्याचा फसलेपणा चवीने पाहतात, तर तंबूतला प्रेक्षक फसलेले सोडून देई आणि उरलेले मनापासून घेई. हे दोन्ही हास्य एकच समजणे त्या प्रेक्षकावर अन्याय करणारे आहे.

रामसे बंधूंनी दो गज जमीन के नीचे (१९७२) महाबळेश्वरी थोडक्या माणसांत चित्रित करून भयपटांची स्वस्त परंपरा सुरू केली. पुराना मंदिर (१९८४) हे तिचे ठळक यश. व्हिडिओ आल्यावर निर्मितीच लहान गावांत उतरली. नाशिक जिल्ह्यातील मालेगाव येथे शेख नासिर यांनी मालेगाव के शोले (२०००) हा विडंबनपट यंत्रमागाच्या गावातील हौशी मंडळींना घेऊन केला. त्यातील दरोडेखोर घोड्यांऐवजी सायकलींवरून येतात. त्यांच्या मालेगाव का सुपरमॅनमध्ये यंत्रमाग कामगार शफीक शेख हा कृश अंगाचा, उडताना धापा टाकणारा महावीर झाला. त्याच्या निर्मितीवर फैझा अहमद खान यांनी काढलेला अनुबोधपट (२००८) देशोदेशी दाखविला गेला. शफीक २०११ मध्ये कर्करोगाने वारले.